बॅटरी बदलल्यानंतर गाडीच्या काचांचे ‘ऑटो’ पुन्हा कसे बसवावे

बॅटरी उतरली, नवी बसवली, गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली, आणि आता सगळे ठीक आहे असे वाटत असतानाच पहिल्या सिग्नलला एक गोष्ट खटकते. चालकाच्या दारावरचे बटण एकदा खेचून सोडले की जी काच आपसूक वर जाऊन बंद व्हायची, ती आता बोट उचलताच जागच्या जागी थांबते. काही गाड्यांत ती थोड्याथोड्या हिसक्यांनी वर सरकते, तर काहींत वरपर्यंत जाऊन पुन्हा थोडी खाली येते. अशा वेळी काच बिघडलेली नसते, मोटर जळालेली नसते आणि बॅटरी बसवणाऱ्याच्या हातून काही चुकलेले असते असेही नाही. काचेची वरची हद्द कुठे आहे ही नोंद वीज तुटल्यामुळे पुसली गेलेली असते, आणि ती पुन्हा करून घेण्याचे काम कोणत्याही गाडीमालकाला पाच-दहा मिनिटांत घरच्या घरी करता येते.

हे काम लांबणीवर टाकू नये, असे मी आग्रहाने सांगतो, आणि त्याला कारण आहे. मागच्या पावसाळ्यात कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी तीन आठवडे उभी राहिली आणि बॅटरी पूर्ण बसली. नवी बॅटरी घेऊन आलेल्या मुलाने जाताना सांगितले, “काका, काच आता बटण धरूनच वर घ्या, दोन दिवसांत आपोआप पहिल्यासारखी होईल.” मी मान डोलावली आणि विसरून गेलो. दोन दिवसांत काही झाले नाही, आठवड्यातही झाले नाही. नंतर एका सकाळी माझी नात चालकाच्या दाराबाहेर उभी राहून, काचेच्या कडेवर दोन्ही हातांची बोटे ठेवून माझ्याशी बोलत होती. पावसाची सर आली म्हणून मी नेहमीच्या सवयीने बटण खेचून धरले. काच वर जाऊ लागली आणि बोटे चौकटीला टेकली तरी थांबली नाही. पत्नीने “अहो, सोडा!” म्हणून ओरडल्यावर मी बटण सोडले. बोटांवर लाल वळ उठण्यापलीकडे काही झाले नाही, पण त्या संध्याकाळी मी गाडीची पुस्तिका काढून बसलो, आणि काचेचे ‘ऑटो’ जाते तेव्हा तिचे अँटी-पिंच संरक्षणही, म्हणजे वाटेत बोट किंवा वस्तू आली की काच माघारी फिरवणारी सोयही जाते, हे तिथे स्पष्ट लिहिलेले सापडले.

हे दोन्ही एकत्रच का जाते, ते समजून घेतले तर पुढची कृती लक्षात ठेवावी लागत नाही. काच वरखाली करणारी मोटर दाराच्या पत्र्याआड असते. बहुतेक गाड्यांत तिच्या अक्षाजवळ एक लहान चुंबक आणि त्याचे फिरणे ओळखणारा हॉल सेन्सर असतो. मोटर फिरली की सेन्सरमधून विजेचे ठोके निघतात आणि काचेचा नियंत्रक ते मोजत राहतो. काही गाड्यांत वेगळा सेन्सर नसतो, मोटरच्या विद्युतप्रवाहातील बारीक चढउतार मोजून तेच काम साधले जाते. मात्र नुसते ठोके मोजून उपयोग नाही, मोजणी कुठून सुरू करायची तेही ठाऊक हवे. काच वरच्या रबरात घट्ट बसते ती जागा या मोजणीचा आरंभबिंदू असते. काच किती उघडी आहे हे ठोक्यांवरून कळते आणि ती किती वेगाने सरकते आहे हे ठोक्यांमधील अंतरावरून कळते. वाटेत काही अडकले तर ठोके मंदावतात, आणि काच अजून पूर्ण बंद झालेली नसताना ठोके मंदावले, तर मध्ये काहीतरी आले आहे असे समजून नियंत्रक मोटर उलटी फिरवतो. आरंभबिंदूच हरवला तर ठोके रबरामुळे मंदावले की बोटामुळे, हे त्याला ओळखता येणार नाही. म्हणून तो काच स्वतःहून वर नेण्याचे काम बंद ठेवतो, आणि त्याबरोबर अँटी-पिंचही बंद होते.

अँटी-पिंचच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांपैकी २१ क्रमांकाच्या नियमानुसार, फट २०० मिलिमीटरपासून ४ मिलिमीटरपर्यंत असताना काचेचा दाब १०० न्यूटनच्या वर जाण्याआधी तिने माघारी फिरले पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलो वजनाचा भार, आणि तो लहान मुलाच्या बोटांना कमी नाही. शेवटच्या ४ मिलिमीटरच्या फटीत तर संरक्षणाची अपेक्षाच धरलेली नाही. १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) या वाहन-संशोधन संस्थेत, म्हणजे वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्या पुणेकरांना रोज दिसणाऱ्या त्या आवारात, वाहनांच्या सुरक्षिततेच्या नाना चाचण्या होतात, आणि ‘एआरएआयची टेकडी’ हे नाव आपल्या रोजच्या बोलण्यातले आहे. वाहनांच्या सुरक्षिततेशी इतक्या जवळून नाते असलेल्या या शहरात आपल्याच गाडीतली एक सुरक्षा-सोय महिनोन्महिने बंद राहावी, हे मला पटत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आपल्या गाडीच्या कोणत्या काचांना ही सोय आहे ते आधी पाहावे. बटणावर ‘ऑटो’ असे लिहिलेले असते, पण काही गाड्यांत ते फक्त काच खाली जाण्यापुरतेच असते. ज्या काचेला आपोआप वर जाण्याची सोय मुळातच नाही, तिला हा विधी बहुधा लागत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत ही सोय केवळ चालकाच्या काचेला असते. वरच्या श्रेणीच्या गाड्यांत चारही काचांना असते आणि तिथे चारही काचांचे काम वेगवेगळे करावे लागते. शेजाऱ्यांच्या गाडीत बॅटरी काढूनही काहीच बिघडले नाही, असेही घडते, कारण काही गाड्यांचे नियंत्रक ही नोंद वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत ठेवतात.

बॅटरीत पुरेसा जोर असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये. जंप स्टार्ट देऊन गाडी नुकतीच सुरू केली असेल तर काच मंद चालते आणि चुकीची नोंद होण्याची शक्यता असते. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी, गाडी काही तास बंद उभी राहिल्यानंतर, साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास किंवा त्याखाली आली असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. घरी मीटर नसेल तर इंजिन चालू ठेवून काम करावे, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरमुळे साधारण १४ व्होल्टचा पुरवठा मिळत राहतो. मात्र इंजिन चालू ठेवायचे असेल तर गाडी तळघरातल्या पार्किंगमधून बाहेर मोकळ्यावर आणावी. एसी, हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर बंद ठेवावा. सगळी दारे नीट लावून घ्यावीत, कारण काही गाड्यांत दार उघडे असताना नोंद होत नाही. मुलांना गाडीबाहेर, दारांपासून लांब उभे करावे. नोंद पूर्ण होईपर्यंत काच कशालाही अडून माघारी फिरणार नाही, आणि या सगळ्या कामातला खरा धोका तेवढाच आहे.

चावीची गाडी असेल तर चावी ‘ऑन’वर आणावी, नुसत्या ‘एसीसी’वर ठेवून भागत नाही. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर साधारणपणे ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबले की ती ‘ऑन’ अवस्थेत येते. ऑटोमॅटिक नसलेल्या गाडीत हेच क्लचच्या बाबतीत समजावे.

काचेच्या बटणाला दोन पायऱ्या असतात. हलक्या हाताने खेचले की बोटाला एक अटकाव जाणवतो, ती पहिली पायरी, आणि इथे बोट उचलले की काच थांबते. त्याहून जोर लावला की अगदी बारीक टिक् असा स्पर्श जाणवतो, ती दुसरी पायरी, आणि ‘ऑटो’ तिथे असते. डोळे मिटून दोन-तीनदा बटण हलवून पाहिले की हा फरक बोटाला कळतो. नोंद करताना बटण दुसऱ्या पायरीपर्यंत खेचून तसेच धरून ठेवावे.

काच बटण दाबून पूर्ण खाली न्यावी आणि ती तळाला टेकल्यानंतरही बटण दोन-तीन सेकंद दाबलेलेच ठेवावे. मग बटण सोडून लगेच वर खेचावे आणि काच वरच्या रबरात जाऊन बसेपर्यंत एकदाही सोडू नये. हिसके देत वर जाणारी काच असेल तर वरपर्यंत पोहोचायला तीन-चार वेळा खेचावे लागेल. ते चालते, शेवटचा टप्पा मात्र एका दमात झाला पाहिजे. काच बंद झाल्याचा मऊ ‘थप्’ आवाज येतो आणि मोटरचा सूर थांबतो. त्या क्षणी बोट उचलण्याचा मोह होतो, आणि माझ्या पाहण्यात बहुतेकांचे काम फसते ते नेमके इथेच. काच बंद झाल्यानंतरही बटण खेचलेलेच ठेवून मनात सावकाश पाचपर्यंत मोजावे. काच जागेवर थांबलेली असताना बटण अजून खेचलेले आहे, यावरूनच नियंत्रक ती जागा वरची हद्द म्हणून नोंदवतो. पाच मोजून झाले की बटण सोडावे. काही गाड्यांत या वेळी दारातून हलका टक् आवाज येतो, काहींत काहीच कळत नाही.

आता एकदा दाबून सोडल्यावर काच पूर्ण खाली जाते का आणि एकदा खेचून सोडल्यावर पूर्ण वर जाते का, ते पाहावे. गेली तर त्या काचेची नोंद झाली. न गेल्यास तीच कृती लागोपाठ दुसऱ्यांदा करावी, कारण काही गाड्यांत ती दोनदा केल्याशिवाय मान्य होत नाही.

बंद काचेवर बटण किती वेळ धरायचे, याबाबत कंपन्यांच्या पुस्तिकांत फरक असतो. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांसाठी किमान १ सेकंद सांगितलेला असतो, तर मारुती सुझुकीच्या गाड्यांसाठी २ सेकंद. इतर काही कंपन्या याहून जास्त वेळ सांगतात. म्हणूनच मी पाचपर्यंत मोजायला सांगतो, जास्त धरल्याने सहसा बिघडत नाही. तरीही आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ‘पॉवर विंडो’च्या प्रकरणात काही वेगळा क्रम दिला असेल, तर तो या लेखापेक्षा प्रमाण मानावा. पुस्तिका हरवली असल्यास बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ती मिळते.

चारही काचांना सोय असेल तर प्रत्येक काचेचे काम त्या-त्या दारावरच्या बटणाने, त्या आसनावर बसून करावे. चालकाच्या दारावरच्या बटणांनी इतर काचांची नोंद काही गाड्यांत होत नाही. त्याआधी काचा कुलूपबंद करणारे चालकाजवळचे बटण दाबलेले नाही ना, हे बघून घ्यावे. एकामागून एक काचा सतत वरखाली केल्या तर मोटर तापते आणि स्वतःच्या संरक्षणासाठी काही मिनिटे बंद पडते. तसे झाले तर घाबरू नये, गाडी थोडा वेळ तशीच राहू द्यावी.

‘ऑटो’ परत आले म्हणजे अँटी-पिंचही परत आले, असे गृहीत न धरता ते तपासावे, आणि हात घालून तर कधीही तपासू नये. रविवारच्या जाड वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करावी, तिला दोन ठिकाणी दोरा बांधावा, काच अर्धी खाली घ्यावी आणि सुरळी काचेच्या वाटेत आडवी धरावी, अशी की हात चौकटीपासून वीतभर लांब राहील. बटण एकदा पूर्ण खेचून सोडावे. काच सुरळीला भिडली, क्षणभर दाबली गेली आणि माघारी फिरून खाली आली, तर संरक्षण जागेवर आहे. आमच्या सुरळीवर काचेच्या कडेची एक ठळक घडी उमटली होती, आणि ती पाहून १०० न्यूटन म्हणजे काय हे मला आकड्यापेक्षा चांगले समजले. बटण धरून ठेवून ही चाचणी करू नये, कारण काही गाड्यांत, ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत तर पुस्तिकेत तसे लिहिलेलेच असते, अँटी-पिंच केवळ बटण पूर्ण खेचून काच आपोआप वर जात असतानाच काम करते. पहिल्या पायरीवर बटण धरून काच वर नेल्यास ते काम करत नाही.

एवढे करूनही काच वरपर्यंत जाऊन माघारी येत असेल, तर बहुतेक वेळा दोष दाराच्या चौकटीतल्या रबरी खाचेत असतो. हा विषय पुण्यात जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण रस्ते आणि इमारतींच्या कामांच्या धुळीतून ज्यांची गाडी रोज जाते, त्यांच्या गाडीच्या या खाचा उन्हाळ्यात धुळीने भरतात आणि पहिल्या पावसात त्या धुळीचा चिखल होऊन आत सुकतो. काच पूर्ण खाली घेऊन खाचेतून बोट फिरवून पाहावे. बोटाला करडा, खरखरीत लेप लागला तर काच त्यात घासत जाते, मोटरवर ताण येतो आणि नियंत्रक त्या ताणालाच अडथळा समजून काच माघारी घेतो. जुन्या, निरुपयोगी प्लास्टिक कार्डाभोवती सुती धोतराचा किंवा मलमलीचा ओला तुकडा गुंडाळून तो खाचेतून वरपासून खालपर्यंत ओढावा. पहिल्या दोन-तीन वेळा कापड काळे निघेल. ते जवळपास स्वच्छ निघेपर्यंत पाणी बदलून हेच करत राहावे. स्क्रूड्रायव्हर किंवा सुरी वापरू नये, रबरावरचे मऊ अस्तर फाटते आणि मग काच कायमचीच घासू लागते. रबर कोरडे झाले की त्यावर सिलिकॉन स्प्रे कापडावर घेऊन पातळ पुसावा. ग्रीस, इंजिन ऑइल किंवा खोबरेल तेल कधीही लावू नये, कारण त्यावर धूळ चिकटते आणि खनिज तेलाने रबर फुगते. सिलिकॉन स्प्रे नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत सहज मिळतो. शेवटी काच दोन-तीनदा वरखाली करून तिच्यावर आलेला सिलिकॉनचा पातळ थर कोरड्या कापडाने पुसून टाकावा, नाहीतर रात्री बाजूच्या आरशात पाहताना मागच्या गाड्यांच्या दिव्यांची चमक पसरते. त्यानंतर नोंदीची कृती पुन्हा पहिल्यापासून करावी.

काच मुळीच हलत नसेल तर फ्यूज पाहावा. बॅटरी जोडताना ठिणगी उडाली असेल तर तो गेलेला असू शकतो. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, किंवा दारातून तार खरडल्यासारखा आवाज येतो, तर ती यंत्रणेचीच अडचण आहे आणि तिथे मेकॅनिकला दाखवणेच योग्य. दारात कुणी काम केले असेल, काच किंवा मोटर बदलली असेल, तरीही हीच नोंद नव्याने करावी लागते. गॅरेजमधून गाडी घेताना ती झाली आहे का, हे तिथेच एकदा बटण खेचून पाहावे.

पुढच्या वेळी बॅटरी काढण्याआधी काचा पूर्ण बंद करून घ्याव्यात. बॅटरी काढली की काचा वर घेता येत नाहीत, आणि जूनमध्ये गॅरेजपर्यंत जाऊन नवी बॅटरी आणेपर्यंत आसने भिजायला एक सर पुरते. चावी खिशात ठेवावी, गाडीत नव्हे. साधारण दहा मिलिमीटरच्या पान्याने आधी काळे, म्हणजे ऋण टर्मिनल सोडवावे आणि मग लाल. जोडताना आधी लाल आणि शेवटी काळे. वीज तुटू नये म्हणून बॅटरी बदलताना दुसऱ्या बॅटरीचा पुरवठा चालू ठेवणारी उपकरणे मिळतात, परंतु त्यात लाल तार जिवंत राहते आणि ती बॉनेटच्या लोखंडाला टेकली तर शॉर्ट होते. पाच मिनिटांच्या नोंदीसाठी तो धोका पत्करावा, असे मला वाटत नाही. ज्या थोड्या गाड्यांच्या दारांना काचेभोवती चौकट नसते, त्यांत दार उघडताना काच आपोआप किंचित खाली येते. बॅटरी उतरलेली असताना ती येत नाही, म्हणून असे दार जोराने आपटू नये.

गाडीला सनरूफ असेल तर त्याचीही नोंद अशीच जाते. सनरूफचे बटण बंद करण्याच्या दिशेने काही सेकंद धरून ठेवावे लागते, पण त्याचा क्रम मॉडेलनुसार बराच बदलतो, म्हणून तो पुस्तिकेतूनच घ्यावा आणि तोही करण्यापूर्वी छतातून कुणी डोके बाहेर काढलेले नाही, हे पाहावे. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत काचांचे ते पान आता दुमडून ठेवले आहे, आणि त्यावर पेन्सिलीने बॅटरी बसवल्याची तारीख लिहिली आहे.